मोटारीचा ताप

ताप हा रोग नव्हे, ती रोगाची खूण आहे, हे घरातल्या आजीबाईंनाही ठाऊक असते. नातवाचे अंग कढत लागले की त्या आधी विचारतात, "केव्हापासून तापला? दिवसभर असतो की संध्याकाळी चढतो? हुडहुडी भरते का?" काढा द्यायचा की डॉक्टरांकडे न्यायचे, ते त्यानंतर ठरते. मोटार तापली की मात्र हीच शहाणी घरे एकही प्रश्न न विचारता थेट औषधाला हात घालतात. एक म्हणतो पंखा बदला, दुसरा म्हणतो थर्मोस्टॅट काढून फेका, तिसरा म्हणतो पंपच नवा घाला. तिघांचेही ऐकून झाले, पैसे खर्चून झाले, आणि ताप होता तेथेच आहे, असा प्रकार आम्हाला येणाऱ्या पत्रांतून वारंवार दिसतो.

बोईसरच्या एका वाचकाचे पत्र याच जातीचे आहे. ते आम्ही मुद्दाम दिवाळी अंकासाठी राखून ठेवले. कारण ऑक्टोबरचे ऊन आणि सुटीतली महामार्गावरची गर्दी यांत जुन्या गाड्यांना हटकून ताप भरतो.

पत्राचा मतलब असा. वाचकाचे वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला होते. तरुणपणी त्यांनी हौसेने एक जुनी एम. जी. बी. घेतली होती. दोन बैठकींची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स गाडी. वडील गेले, गाडी चार वर्षे ताडपत्रीखाली राहिली, आणि मुलाने ती पुन्हा चालू केली. बोईसर गावात ती झकास चालते. नाक्यावर ट्रक-टँकरच्या रांगेत उभी राहिली तरी काटा हलत नाही. पण चिल्हार फाट्याला महामार्गाला लागले, वेग ऐंशीवर नेला, की वीसेक मिनिटांत काटा लालाकडे सरकतो. वेग कमी केला की सावकाश उतरतो. आजवरचे उपचार : थर्मोस्टॅट काढला, पाण्याचा पंप नवा बसवला, पुढे विजेचा जादा पंखा लावला. गुण शून्य. आता गॅरेजवाल्यांचा सल्ला असा, की हे म्हातारे इंजिन काढा आणि एखादे आधुनिक डिझेल इंजिन बसवून मोकळे व्हा. आईने एवढेच विचारले, "मग ती गाडी ह्यांची राहील का?" तिला भाऊबिजेला वसईला भावाकडे जायचे आहे, आणि जायचे ते याच गाडीतून.

प्रश्न केवळ पंख्याचा नाही हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल. तेव्हा जरा मुळापासून पाहू.

उष्णता जाते कोठे?

हे समजायला बोईसर-तारापूरकरांना दूर जायला नको. १९६९ साली तारापूरला जी पहिली दोन अणुभट्ट्यांची वीजयंत्रे सुरू झाली, ती मुळात प्रत्येकी २१० मेगावॉट विजेची होती. पण तेवढी वीज मिळवण्यासाठी एकेका भट्टीत सुमारे ६६० मेगावॉट उष्णता निर्माण करावी लागे. म्हणजे तीन वाटे उष्णता आणि एक वाटा वीज! उरलेले दोन वाटे कोणीतरी वाहून नेलेच पाहिजेत, आणि ते काम अरबी समुद्राचे पाणी करते. केंद्र किनाऱ्यावर उभारण्याचे हे एक मोठे कारण. त्यातही एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी : यंत्राच्या आत फिरते ते काटेकोर शुद्ध केलेले पाणी, आणि समुद्राचे खारे पाणी वाहते ते संघनकाच्या नळ्यांतून. दोघांची भेट होत नाही; नळीच्या भिंतीतून फक्त उष्णता पलीकडे जाते.

आपली मोटार हे त्याच गणिताचे धाकटे उदाहरण आहे. जुन्या पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या उष्णतेपैकी जेमतेम चौथा हिस्सा चाके फिरवण्याच्या कामी येतो. बराचसा भाग सायलेन्सरच्या वाटेने धुराबरोबर जातो, आणि तितकाच मोठा भाग इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्याच्या गळ्यात पडतो. मोटारीला समुद्र नाही. तिचा समुद्र म्हणजे पुढून येणारा वारा.

म्हणजे उष्णतेचा प्रवास तीन टप्प्यांचा झाला. इंजिनाच्या लोखंडातून पाण्यात, पाण्याबरोबर रेडिएटरमध्ये, आणि रेडिएटरच्या जाळीतून वाऱ्यात. गाडी तापते ती यांपैकी एखादा टप्पा अडला म्हणून, किंवा मुळात उष्णताच नको तितकी निर्माण होऊ लागली म्हणून. पाचवे कारण नाही. कोणता टप्पा अडला हे ओळखण्याचा उपाय म्हणजे आजीबाईंचा तोच प्रश्न : ताप केव्हा चढतो?

उभ्या गाडीचा ताप

गाडी सिग्नलला, फाटकाशी, टोलनाक्याच्या रांगेत तापते आणि धावू लागली की निवते, तर दोष वाऱ्याचा. धावत्या गाडीला वारा आपोआप मिळतो. उभ्या गाडीला तो पंख्याने ओढून घ्यावा लागतो. तेव्हा पंख्याचा पट्टा सैल पडला आहे काय, पंख्याची पाती उलटी बसवली आहेत काय, रेडिएटरची जाळी चिखलाने, किड्यांनी भरली आहे काय, हे पाहावे.

स्पोर्ट्स गाडीचे नाक ठेंगणे आणि तोंड लहान. त्या लहान तोंडासमोर हौशी मालक जादा दिवे, भोंगे आणि क्लबांचे बिल्ले लावतात, आणि मग गाडीला दम लागतो म्हणून तक्रार करतात. दसऱ्याला आपण गाडीची पूजा करतो ते योग्यच आहे. पण झेंडूचा हार दिवाळीपर्यंत तसाच ठेवू नये. वाळलेल्या पाकळ्या जाळीच्या फटींत जाऊन बसतात आणि सहजी निघत नाहीत. तसेच रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना आणि वर ज्या पट्ट्या किंवा फोमच्या गाद्या असतात, त्या "निरुपयोगी" म्हणून काढून टाकू नयेत. वाऱ्याने रेडिएटरला वळसा घालून न जाता त्याच्यातूनच जावे, यासाठी त्या योजलेल्या असतात.

धावत्या गाडीचा ताप

आमच्या वाचकाची गाडी नेमकी याच्या उलट वागते. उभी असताना ठीक, धावताना ताप. ऐंशीच्या वेगाने वारा इतका येतो की पंखा असला काय नि नसला काय, सारखेच. मग विजेचा जादा पंखा लावून काय साधले? उलट त्याच्या चौकटीने वाऱ्याची थोडी वाटच अडवली असेल.

वेगात इंजिन जास्त पेट्रोल जाळते, म्हणून जास्त उष्णता टाकते. ती वाहून न्यायला पाणी जोरात फिरले पाहिजे आणि रेडिएटरच्या सगळ्या नळ्या मोकळ्या पाहिजेत. निम्म्या नळ्या तुंबलेल्या असल्या तरी गावातल्या हळू चालीला उरलेल्या निम्म्या पुरतात. महामार्गावर पितळ उघडे पडते. येथे संशयित तीन. पहिला, आतून क्षाराने भरलेला रेडिएटर. दुसरा, इंजिनाच्या ब्लॉकमध्ये तळाशी साचलेला गंजाचा गाळ. तिसरा, खालची रबरी नळी : ती जुनी होऊन मऊ पडली की वेगात पंपाच्या ओढीने चपटी होते, आणि गाडी थांबवून पाहावे तर पुन्हा गोल! हा चोर पकडायला एकाने उभ्या गाडीचे इंजिन जोरात फिरवावे आणि दुसऱ्याने पट्ट्यापासून हात आणि बाही दूर ठेवून नळीकडे नुसते पाहावे.

चढाचा ताप, आणि पहिल्या पाच मिनिटांचा

पालघरहून मनोरला जाताना वाघोबा खिंडीच्या चढावर काटा झपाट्याने वर जातो आणि उतारावर लगेच खाली येतो, अशा गाडीचे इग्निशनचे टायमिंग आधी तपासावे. ठिणगी उशिरा पडत असेल तर पेट्रोल जळते, पण त्याचे काम होत नाही. नुसता भडका उरतो आणि लोखंड तापते. कारब्युरेटरचे मिश्रण लीन असले, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी असले, तरी हेच होते. या दुसऱ्या गोष्टीकडे आता अधिक लक्ष हवे. २०२३ पासून आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपावर येऊ लागले आणि २०२५ पर्यंत ते देशभर रूढ झाले. इथेनॉलमध्ये स्वतःचाच प्राणवायू असतो, म्हणून शुद्ध पेट्रोलसाठी जुळवलेल्या जुन्या कारब्युरेटरचे मिश्रण त्याने लीन पडते. नव्या गाडीतला संगणक हे आपले आपण सांभाळून घेतो. जुन्या गाडीत ते मिस्त्रीने सांभाळायचे असते. पेट्रोलच्या जुन्या रबरी नळ्याही याच वेळी बदलाव्यात. इथेनॉल त्यांना मानवत नाही.

गाडी गार असताना सुरू केली आणि पाच मिनिटांतच वरची नळी दगडासारखी ताठ झाली, तर मात्र हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. परीक्षा सोपी आहे. रात्रभर गार झालेल्या इंजिनाचे टोपण काढून ठेवावे, इंजिन सुरू करावे आणि पाण्याकडे पाहावे. सारखे बुडबुडे येत राहिले तर सिलिंडरमधला वायू पाण्यात शिरतो आहे. तेलाची काडी काढून पाहावी. तेल दुधाळ चहाच्या रंगाचे दिसले तर पाणी तेलात गेले आहे. अशी गाडी पुढे हाकू नये, टो करून न्यावी.

आणि एक खोटा ताप. गरम गाडी बंद पडते, पुन्हा सुरू होत नाही, पण काटा जागच्या जागी असतो. हा पाण्याचा दोष नव्हे. पेट्रोलच्या नळीत वाफ धरल्याने असे होते. बोनेट उघडून अर्धा तास सावलीत उभी केली की स्वारी मुकाट्याने चालू लागते.

घरच्या घरी चार परीक्षा

सर्वांत आधी काटा खरे बोलतो की नाही ते पाहावे. कारखान्यांत नळ्यांचे तापमान लांबून मोजायचे जे पिस्तुलासारखे यंत्र असते, ते हल्ली बाजारात माफक किमतीला मिळते. कोविडच्या दिवसांत कपाळावर धरत होते ते नव्हे. त्याची मजल माणसाच्या तापापुरतीच. हे यंत्र थर्मोस्टॅटच्या घरावर धरावे. काटा लाल आणि यंत्रावर पंच्याऐंशी अंश, असे झाले तर आजारी काटाच आहे.

दुसरी परीक्षा त्याच यंत्राने रेडिएटरची. इंजिन गरम झाले की ते बंद करून रेडिएटरवर वरपासून खालपर्यंत माप घ्यावे. उष्णता क्रमाक्रमाने उतरावी. मध्येच एखादा पट्टा एकदम गार लागला तर तेथल्या नळ्या तुंबल्या आहेत.

तिसरी थर्मोस्टॅटची. पातेल्यात पाणी घ्यावे, थर्मोस्टॅट दोऱ्याने टांगावा आणि तापमापक घेऊन गॅसवर ठेवावे. त्यावर ८२ छापले असेल तर त्याच्या आसपास झडप उघडू लागली पाहिजे आणि आणखी दहा-बारा अंशांत पुरी उघडली पाहिजे. पातेले मात्र पुन्हा स्वयंपाकात घेऊ नये. कूलंट विषारी असते, आणि चवीला गोड असल्याने मुले आणि कुत्री-मांजरे फसतात.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. त्याने इंजिन गावात गारठते, तेल नीट तापत नाही, सिलिंडर लवकर झिजतात. आणि मूळ रोग झाकला जातो तो वेगळाच.

चौथी परीक्षा फार थोडे लोक करतात. इंजिनाच्या ब्लॉकच्या बाजूला निचऱ्याची एक लहान तोटी असते. इंजिन पूर्ण गार असताना ती उघडावी. पाण्याची धार लागली तर उत्तम. काहीच न आले तर आत गाळ आहे.

टोपण आणि कुकर

या सगळ्यात एक नियम कधीही मोडू नये : तापलेल्या रेडिएटरचे टोपण उघडायचे नाही. टोपणाचे काम पाणी दाबाखाली ठेवण्याचे. दर चौरस इंचाला एक पौंड दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे दीड अंश सेल्सिअसने वर जातो. दहा पौंडांच्या टोपणाखाली पाणी ११५ अंशांपर्यंत उकळत नाही. टोपण फिरवले की दाब जातो आणि ते सगळे पाणी क्षणात वाफ होऊन तोंडावर येते. गृहिणींना हे सांगायला नको; शिटी झालेल्या कुकरची वाफ जिरल्याखेरीज झाकण काढायचे नाही हे त्या रोज पाळतात. मोटारीपुढे पुरुषमंडळीच ते विसरतात. आणि हो, टोपण आपल्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या दाबाचेच लावावे. दाब जास्त तर बरे, असे समजून मोठे टोपण लावले तर जुन्या नळ्या फाटतात.

वाटेत काटा चढलाच तर वेग कमी करावा. विलायती गाडीत हीटर असतो. तो पुरता उघडावा, म्हणजे थोडी उष्णता आपल्या पायांवर निघते. घाम येईल, पण इंजिन वाचेल. तरीही काटा उतरत नसेल तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे आणि थंड होऊ द्यावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतले तर हेडला चीर जाण्याची भीती असते, आणि मग खर्चाला पारावार राहत नाही.

बोईसरच्या गाडीचे काय झाले?

आम्ही वाचकाला एवढेच कळवले, की आणखी एकही सुटा भाग विकत घेऊ नका. आधी ब्लॉकची तोटी उघडा आणि रेडिएटरवर माप घ्या. शिवाय अँबॅसडरवर हयात घालवलेला एखादा वयस्क मिस्त्री शोधा. एम. जी. बी. ही ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथे १९६२ ते १९८० या काळात तयार झाली. तिचे १७९८ सी. सी. इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या "बी" घराण्यातले. आपल्या अँबॅसडरला पुष्कळ वर्षे जे १४८९ सी. सी. पेट्रोल इंजिन होते, ते त्याच घराण्यातले धाकटे भावंड. सगळे भाग एकमेकांना लागू पडतात असे नाही, पण घराण्याचा स्वभाव एक. ज्याने एकाची नाडी पाहिली, त्याला दुसऱ्याची कळते. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. तिचे मिस्त्री अजून आहेत.

दुसरे पत्र आले. तोटी उघडली, तर थेंब आला नाही. मिस्त्रीने तारेने टोचले, तेव्हा आधी तांबूस चिखल आणि मग पाणी आले. रेडिएटरचा खालचा भाग मापात गार निघाला. तो उघडला, तर नळ्यांत पांढरा थर बसलेला. गाडी चालू करताना तिच्यात घरच्या विहिरीचे पाणी भरले होते. किनाऱ्याकडचे ते पाणी मचूळ; तापले की क्षार नळ्यांना धरतात. ज्यांच्या वडिलांनी आयुष्यभर शुद्ध पाण्याच्या यंत्रापाशी नोकरी केली, त्यांच्याच गाडीत हे व्हावे, असे चिरंजीवांनी स्वतःच लिहिले आहे. ब्लॉक उलट्या धारेने धुतला, रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट पुन्हा बसवला, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मे-निम्मे भरले, जादा पंखा काढला. आता चिल्हार फाट्याहून मनोरपर्यंत जाऊन आले तरी काटा मधोमध राहतो.

इंजिन बदलण्याच्या सल्ल्याबद्दल दोन शब्द. गाडीत निराळे इंजिन बसवायचे तर आर. टी. ओ.ची परवानगी लागते. शिवाय २०२१ साली आलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी गाडी "व्हिंटेज" म्हणून नोंदवता येते, ती मूळ रूपात जपलेली असेल तरच. अशी नोंद केलेली गाडी रोजच्या वापराला चालत नाही, म्हणून प्रत्येकाने ती करावीच असे नाही. पण परके इंजिन बसवले की ती वाट कायमची बंद होते. ज्या दोषाला तारेचा तुकडा आणि चार डबे शुद्ध पाणी पुरले, त्यासाठी हे करण्याचे कारण नव्हते. आईंच्या प्रश्नाचे उत्तर आता निराळे द्यायला नको.

मात्र वसईला निघण्यापूर्वी आमच्या तीन सूचना. गाळ एका धुण्यात जात नाही. पाचशे किलोमीटरनंतर ब्लॉक पुन्हा धुवावा. सकाळी लवकर निघावे, म्हणजे वर्सोवा पुलाकडे जाणारी गर्दी टळेल. आणि डिकीत पाच लिटर शुद्ध पाणी, एक जादा पट्टा, जाड फडका आणि नळीच्या दोन क्लिपा ठेवाव्यात. फराळाचा डबा त्यांच्यावर ठेवावा, खाली नको; गरज पडली तर आधी पाणी हाताला लागले पाहिजे.

सर्व वाचकांना दीपावलीच्या शुभेच्छा. गाडीबद्दल पत्र लिहिताना ती केव्हा, कोठे आणि किती वेळाने तापते हे आधी लिहावे; काय काय बदलले ते नंतर.